अनुभव धागा: पायी वारीत, परिक्रमेत कपडे कसे धुता, कसे वाळवता?

मृगसर
दिंडीची भिशी (वारीतल्या खर्चाचे पैसे) भरायचा निरोप आला आणि ट्रकात साठलेल्या ओल्या लुगड्यांचा वास एकदम नाकात आला. आळंदी ते पंढरपूर चालायची पायांना सवय होते, खायची ददात नसते, पण कपडे काही वाळत नाहीत. आमच्यात दोन ट्रकांमध्ये दोरी बांधतात, तीही सकाळीच भरलेली. पहाटे तीनला टँकरपाशी बादलीभर पाण्यात अंघोळ आणि धुणं दोन्ही उरकायचं.

खरं धुणं सासवडला, कारण तिथे माऊलींचे दोन मुक्काम. गावातल्या सगळ्या गच्च्यांवर धोतरं, लुगडी. एका घरच्या वहिनींनी ओळख ना पाळख, "माऊली, मशीन लावतेय, द्या सगळं" म्हणून पिशवी हातातून घेतली. संध्याकाळी घड्या घालून दिलं, परकराला नवी नाडी ओवून! त्या बाईंना मी दर ज्येष्ठात आठवते. तुमचे अनुभव लिहा.

नऊवारी
नायलॉनचं पातळ घ्या, बाकी सोडा. सुती लुगडं दिवे घाटात भिजलं की जेजुरी आली तरी दमटच. आई आणि मावशी एक टोक हिच्या हातात, एक तिच्या, असं ताणून धरून अभंग म्हणत चालायच्या. वारा असला की तासाभरात खडखडीत. मधून कोणी जाऊ लागलं की दोघी हात वर करायच्या, खालून माणूस पार.

टाळकरी
कपडा पिळून झाला की कोरड्या पंच्यात गुंडाळून परत पीळ द्या, निम्मं पाणी पंचा ओढतो. साबण नसला तरी रोज साध्या पाण्यातून खळबळून काढाच. घामाचं मीठ कापडात राहतं आणि मांड्या सोलवटतात. खोबरेल जवळ ठेवा. मोजे ओले घालू नका, फोड येतात. कुकर झाला, बाकी नंतर लिहितो.

रेवाकाठ
नर्मदा परिक्रमेत मैयाच्या पाण्यात साबण नाही म्हणजे नाही. बादलीत पाणी घेऊन काठापासून लांब जायचं, पाणी मातीत जिरेल असं धुवायचं. थंडीत धुकं दहापर्यंत हटत नाही, म्हणून मुक्कामाला दुपारीच पोचून आधी धुणं, मग जेवण. हा नियम वारीतही हवा असं मनापासून वाटतं. इंद्रायणीवरचा फेस बघवत नाही.

टाळकरी
@रेवाकाठ नियम मान्य, पण तो फेस वारकऱ्यांच्या साबणवडीचा नाही हो. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी, वारी नसतानाही असतो.

रेवाकाठ
बरोबर. दोन्ही थांबायला हवं.

आजोळ_बारामती
आम्ही तुकोबांकडचे. काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, पाहिलंय का कोणी? मेंढ्यांचं रिंगणही तिथलंच. जे हात गावाचे कपडे धुतात त्यांनी अंथरलेल्या शुभ्र धोतरांवरून पालखी जाते. माझ्या आजीला तिथे दर वेळी रडू यायचं, आता मला येतं.

मृगसर
@आजोळ_बारामती वाचूनच भरून आलं गं.

दूरदेशी
मी स्पेनमध्ये कामिनो चालले, तिकडची पायी तीर्थयात्रा. यात्रेकरूंच्या निवासात मागे सिमेंटचं टाकं, त्यालाच घासायला तिरकी खाचांची फळी. एक जोड अंगावर, एक दोरीवर, तिसरा नाहीच. रात्री न वाळलेले मोजे सकाळी सेफ्टी पिनेने सॅकला लावून सगळे निघतात. वारीला यायचंय, कोणी नेईल का?

नऊवारी
@दूरदेशी अगं ये की! नाव आधी नोंदव फक्त.

पहिली_वारी
पांढऱ्या सदऱ्यावरचा बुक्का कसा जातो?

टाळकरी
कोरडा असताना झटका, चोळू नका. ओला केला की धाग्यात बसतो. झटकून झाल्यावरच साबण.

पहिली_वारी
🙏 तुमची दिंडी रथापुढची की मागची?

टाळकरी
मागची. लोणंदच्या तळावर या चहाला, फोन लागत नाही तिथे, विणेकऱ्यांना विचारा.