विषय: हार्पर्स फेरी, बुधवारची सहल – गाड्यांचं काय?

फ्रेडरिककर ताई:
मंडळी, गाव ठरलंय: वेस्ट व्हर्जिनियातलं, पोटोमॅक आणि शेनंडोआ नद्यांच्या संगमावरचं हार्पर्स फेरी. आता मागे फिरायचं नाही. २३ मुलं, १२ मोठी. अडलंय फक्त जाण्यावर. खालच्या गावात स्टेशनजवळ मोजक्याच गाड्या मावतात. तिघांनी "ट्रेनने जाऊ" असं कळवलंय. उद्या रात्रीपर्यंत ठरवू या.

रॉकव्हिलकर काका:
ट्रेन जमणार नाही. मार्क या लोकल रेल्वेची ब्रन्सविक लाइन नोकरदारांसाठी आहे: सकाळी वॉशिंग्टनकडे, दुपारनंतर परत. आपल्याला नेमकं उलट जायचंय. गाड्याच काढा आणि वरच्या व्हिजिटर सेंटरला लावा, तिथून राष्ट्रीय उद्यानाची शटल बस खाली नेते. फोनमध्ये नुसतं "हार्पर्स फेरी" टाकू नका, तो थेट खालच्या अरुंद उतारावर नेतो. "हार्पर्स फेरी व्हिजिटर सेंटर" असं पूर्ण टाका.
प्रवेश दर गाडीला २० डॉलर. ११ घरांच्या ११ गाड्या म्हणजे २२०. सात सीटच्या ५ गाड्यांत ३५ जण बरोबर बसतात, १०० डॉलरमध्ये काम होतं. बाकीच्या गाड्या फ्रेडरिकच्या पार्क अँड राइडला (गाडी ठेवून पुढे एकत्र जायच्या तळावर) ठेवा.

खजिनदार:
मंडळाच्या खात्यातून प्रवेश फी देता येणार नाही, ती बाब कार्यकारिणीची आहे. इथे परस्पर ठरवू नये ही विनंती.
पण १०० तरी कशाला? चौथीतल्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास मिळतो आणि होमस्कूलची (घरीच शिकणारी) १० वर्षांची मुलंही त्यात बसतात. आपल्याकडे अशी ४ आहेत. पासवर त्या मुलाची गाडी आत जाते, पण मूल गाडीत असायला हवं. म्हणून चौघांना एकाच गाडीत कोंबू नका, चार गाड्यांत एकेक बसवा. पासचं व्हाउचर घरूनच छापून आणा. शैक्षणिक सवलतीचा अर्ज बराच आधी करावा लागतो, ती वेळ गेली.

गेथर्सबर्गकर वहिनी:
चौघांना वेगळं करा म्हणणं सोपं आहे, पण कारसीटचा हिशेब कोणी केलाय का? मिनीव्हॅनच्या तिसऱ्या रांगेत कारसीट अडकवायचे खालचे हुक बहुधा एकाच सीटला असतात, काही गाड्यांत तेही नाहीत. तिथे सीट बेल्टनेच कसावी लागते, आणि बेल्ट लॉक केला नाही तर सीट हलते. बूस्टर (मुलांना उंच बसवणाऱ्या बैठका) शेजारीशेजारी तीन लावले की बकलपर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून तिसऱ्या रांगेत बूस्टर न लागणारी मोठी मुलं.

ॲशबर्नकर:
वहिनींचं बरोबर आहे. पण इतक्या लांब जाऊन नदीपलीकडचा मेरीलँड हाइट्स डोंगर चढायचा नाही का? संगमाचं खरं दृश्य तिथूनच दिसतं.

रॉकव्हिलकर काका:
सहा वर्षांच्या मुलांना घेऊन नको. जाऊन येऊन साधारण साडेचार मैल, चढ खडा, तीन-चार तास सहज जातात. शिवाय रेल्वे पुलाच्या पादचारी मार्गाने पोटोमॅक ओलांडल्यावर पलीकडे लोखंडी जिना उतरावा लागतो. बाबागाड्या उचलून न्यायच्या का? गावाच्या वरच्या अंगाचा जेफरसन रॉक हा खडक पुरे. तिकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या पाऊस पडून गेला असेल तर घसरतात, हे लक्षात ठेवा. खडकावर कोणालाही चढू देऊ नका. शिळा चार खांबांवर टेकवलेली आहे.

ॲशबर्नकर:
मान्य. मग संगम खालून, 'द पॉइंट'वरून दाखवू. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, इथे शेनंडोआ पोटोमॅकला मिळते आणि दोघी मिळून डोंगरातून वाट काढतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की मुलांना फरक लगेच कळेल.

फ्रेडरिककर ताई:
उत्तम, नकाशे मी छापते. अभ्यासाचा भाग आमचा गट बघेल, सहल समितीने त्यात वेगळा कार्यक्रम घालू नये.
पहिला मुक्काम जॉन ब्राउनचा किल्ला. नाव किल्ला असलं तरी ते इथल्या सरकारी शस्त्रागाराचं बंबघर, विटांची छोटी इमारत. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री गुलामगिरीविरुद्ध उठाव करायला आलेला जॉन ब्राउन शेवटी यातच अडकला. १८ तारखेला मरीन सैनिकांना दार घणांनी फुटेना, तेव्हा जड शिडीने धडका देऊन भगदाड पाडलं. हे दारासमोर उभं राहूनच सांगायचं. छाप्यात पहिला बळी हेवर्ड शेफर्ड, रेल्वेवर काम करणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस, हेही मुलांना सांगायचं, वगळायचं नाही.
मग मोजमाप. इमारत १८९१ मध्ये सुटी करून शिकागोला नेली, १८९५ मध्ये परत आणून जवळच्या शेतात उभारली, १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजच्या आवारात आली आणि १९६८ मध्ये खाली गावात. मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली, तिथे दगडी स्तंभ आहे. आजच्या इमारतीपासून तो साधारण १५० फूट. प्रत्येकाने पावलांनी अंतर मोजायचं. आधी १० फुटांची दोरी टाकून त्यात स्वतःची पावलं किती बसतात ते लिहायचं, नाहीतर २३ मुलांची २३ उत्तरं येतील आणि पडताळा कशाशीच लागणार नाही.
दुसरं, भिंतीवरच्या जुन्या पुरांच्या खुणा. १९३६ ची सर्वात उंच, पाणी साडेछत्तीस फुटांवर गेलं होतं. मुलांना खुणेखाली भिंतीला टेकून उभं करा आणि डोक्यापासून खुणेपर्यंतचं अंतर अंदाजाने लिहायला सांगा.

खजिनदार:
अभ्यासाला हरकत नाही. पण शटलमध्ये मोठे कूलर नकोत. डबे पाठपिशव्यांत, आणि खाली जाण्याआधी व्हिजिटर सेंटरलाच सगळ्यांना टॉयलेटला नेऊन आणा. शेवटची शटल किती वाजता सुटते ते सकाळीच फलकावर बघून सगळ्यांना कळवा.

गेथर्सबर्गकर वहिनी:
माझ्याकडे दोन बूस्टर जास्तीचे आहेत. कोणाच्या गाडीत तिसऱ्या रांगेला हुक आहेत, ते आज रात्रीच सीटखाली हात घालून बघा आणि इथेच लिहा. गाड्यांची यादी मी त्यावरून करते.