वडिलांचं वर्कशॉप रिकामं करायचंय, भंगार विकताना काय काय बघायचं?

उद्यमनगर_लेक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं भाड्याचं छोटं शेड आहे, बाबा चाळीस वर्षं तिथं जॉबवर्क करायचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणारी कडी), ऑईल इंजिनचे पार्ट, असलं सगळं. मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. भाऊ पुण्यात, मी इथं, आणि मालकाला दिवाळीपर्यंत जागा रिकामी करून द्यायचीय.

माल असा आहे. सहा फुटी लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं मशीन), चालू आहे. एक शेपर (धातू तासून सपाट करायचं मशीन), ती बंद. दोन जळालेल्या विजेच्या मोटारी, बीडाचे (ओतीव लोखंडाचे) जुने कास्टिंग ढीगभर, मशीनवर निघालेल्या चुरीची दोन पिंपं, डब्यात गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश आणि तुकडे, कोपऱ्यात बाबांची जुनी स्कूटर, दोन ऑक्सिजनचे सिलिंडर, तीन बॅटऱ्या. आणि रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, बाबा ऐरण म्हणून वापरायचे, ठोकून ठोकून त्याची वरची बाजू आरशासारखी झालीय.

काल एक भंगारवाले येऊन गेले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले सरसकट लोखंडाच्या भावानं सगळं उचलतो, पैसे रोख, पण १८ टक्के जीएसटी त्यातनं कापणार. बाबांची जीएसटी नोंदणी नव्हती, उलाढाल तेवढी नव्हतीच. मग हे कापणं बरोबर आहे का? आणि मला या धंद्यातलं काही कळत नाही म्हणून मी फसले तर बाबांच्या कष्टाचा माल मातीमोल जाईल ही भीती वाटते, म्हणून विचारते.

जुना_टर्नर

ताई पहिलं सांगतो, सरसकट अजिबात देऊ नका. तुमच्या शेडमधलं सगळ्यात महाग वजन त्या गनमेटलच्या डब्यात हाय आणि त्याला तो लोखंडाचा भाव लावायला निघालाय.

दोन रविवार काढा आणि माल निवडा. लोहचुंबक घ्या, चिकटलं ते लोखंड नाहीतर बीड, नाही चिकटलं ते बाजूला. बाजूला काढलेल्यात कानशीनं एक घासा मारा, आतनं लालसर निघालं तर तांबं किंवा गनमेटल, पिवळं निघालं तर पितळ, पांढरं आणि हलकं असलं तर ॲल्युमिनियम. बीड आणि साधं लोखंड पण वेगळं करा, बीड हातोड्यानं फुटतंय, लोखंड वाकतंय, दोन्हीचा भाव एक नसतो. पितळेच्या बुशात लोखंडी पिन अडकली असेल तर काढून टाका, नाहीतर त्या एका पिनेपायी आख्खा डबा "मिक्स" म्हणून खालच्या भावात जातोय, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आणि लेथ भंगारात घालू नका, पाया पडतो. चालू लेथ किलोवर विकायची वस्तू नव्हं. जुन्या मशिनरीचे व्यापारी असतात त्यांना दाखवा, नाहीतर नवीन शेड टाकणारं एखादं पोरगं बघा. दाखवताना चालू करून दाखवा, चक, टेलस्टॉक, गिअरचा सेट सगळं एकत्र ठेवा, गिअर हरवले की लेथची किंमत निम्म्यावर आली समजा.

हिशोबवाली

ताई, जीएसटीचं सांगते, मी टॅक्सच्याच ऑफिसात काम करते. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगाराला रिव्हर्स चार्ज लागू झालाय, म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसानं नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला भंगार विकलं तर कर सरकारला भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, विकणाऱ्यावर नाही. तो कर भरतो आणि नियमात बसत असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही त्यालाच मिळते. त्यामुळं तुमच्या रकमेतनं १८ टक्के कापायचं काही कारण नाही. भाव कमी द्यायचा असेल तर त्यानं सरळ भाव कमी सांगावा, तो धंदा झाला, पण कराचं नाव पुढं करून कापू नये. त्यांचा जीएसटी नंबर मागा, जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून चालू आहे का बघा, दोन मिनिटाचं काम आहे. बिल तेच स्वतःच्या नावानं बनवतील, त्याची प्रत घ्या.

रोखीचं मात्र सांभाळा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्यावर रोख घेतली तर इन्कम टॅक्सच्या नियमानं दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला बसतो, आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. पैसे बँकेतच घ्या. भाऊ पण वारस आहे ना, त्याच्याकडनं साध्या कागदावर संमती लिहून घ्या, कुठल्या खात्यात पैसे येणार तेही त्यात लिहा. आता तुमचं एकमत असेल, पण नंतर घरात कुणी विचारलं तर कागद बोलतो.

गाडी निपाणी-बेळगावकडं जाणार असेल तर मालाची किंमत ५० हजारांवर गेली की ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. बिल काढायचं काम घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी गाडी अडकून पडायला नको.

करवीर_शेतकरी

माझं थोडं वेगळं हाय पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षांमागं नदीकाठची माझी मोटार फोडून आतलं तांबं काढून नेलं, केबल पण कापून नेली, ऐन उन्हाळ्यात ऊस उभा वाळला. ते तांबं कुठंतरी कुणीतरी विकत घेतलंच असणार की. म्हणून तांबं विकणाऱ्याकडं आता संशयानं बघतात आणि बघायलाच पाहिजे.

तुमच्या मोटारी तुमच्याच हाईत, पण ते दाखवता आलं पाहिजे. वायंडिंग (आतली तांब्याची तार) काढायच्या आधी मोटारीच्या नंबर प्लेटचे फोटो काढा, शेडमध्ये उभी असतानाचे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर घेणाऱ्याला नव्या भारतीय न्याय संहितेत ३१७ कलम हाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळं चांगला व्यापारी आधार कार्डाची प्रत मागतोच, द्या, पण त्यावर आडवं लिहा "फक्त भंगार विक्रीसाठी" आणि तारीख घाला. कागद न मागता तांबं घेणारा माणूस दिसला तर तिथं माल देऊ नका. आमच्यासारख्यांच्या मोटारी असल्याच लोकांमुळं फुटतात.

वायर जाळून तांबं काढू नका, सोलून काढा. धूर विषारी असतोय आणि जळकं काळं तांबं कमी भावात जातंय.

फर्नेसवरचा_माणूस

शिरोलीत फौंड्रीत (धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात) आहे, इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर. ताई एक कळकळीची विनंती. तुमच्या ढिगात दोन्ही बाजूंनी बंद असलेली नळी, जुना शॉकॲब्सॉर्बर, हायड्रॉलिक सिलिंडर, झाकण गच्च बसलेला डबा असलं काही असेल तर ते वेगळं काढा आणि घेणाऱ्याला दाखवून द्या. असली वस्तू भंगारातनं वितळलेल्या लोखंडात गेली की आतल्या थेंबभर पाण्याची क्षणात वाफ होते, फुटते, आणि लोखंड वर उडतं. समोर माणूस उभा असतो. ऑक्सिजनचे सिलिंडर तर भंगारात नकोच, ते बहुतेक गॅसवाल्याचेच असतात, डिपॉझिटची पावती शोधा आणि परत करा. मोकळा वाटला तरी कटरवाल्याला हात लावू देऊ नका.

चुरीची पिंपं झाकून ठेवा. ओली, तेलकट चूर आली की आमच्याकडं वजनात घट धरतात, आणि भट्टीला पण ती धोक्याचीच.

उद्यमनगर_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री भावाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. स्कूटर, बॅटऱ्या आणि त्या रुळाचं काय करू? आणि वजन कुठं करायचं, त्यांचाच काटा आणतो म्हणाले होते.

जुना_टर्नर

त्यांचा काटा चालेल, पण वैधमापनवाल्यांचा (काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) त्या वर्षाचा शिक्का बघा आणि ठेवायच्या आधी काटा शून्यावर हाय का बघा. त्यापेक्षा बीड आणि लोखंड गाडीभर असल्यामुळं वजनकाट्यावरच न्या. रिकाम्या गाडीचं वजन तुमच्यासमोर, मग भरलेल्या गाडीचं, दोन्ही पावत्या हातात. ड्रायव्हर पहिल्यांदा आत बसलेला असला तर दुसऱ्यांदा पण आतच पाहिजे, खाली उतरलेला असला तर दोन्ही वेळा खालीच. गनमेटल आणि तांबं गाडीत टाकू नका, ते छोट्या काट्यावर, वेगळं, तुमच्या डोळ्यासमोर.

हिशोबवाली

स्कूटर लोखंडाच्या ढिगात गेली तरी आरटीओच्या रेकॉर्डवर ती बाबांच्याच नावावर राहते, चासी नंबर दुसऱ्या गाडीला लागला तर पोलीस तुमच्या दारात येणार. म्हणून नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला द्या, २०२१ च्या नियमांनी ती केंद्रं सुरू झालीत, ते डिपॉझिटचं सर्टिफिकेट (गाडी जमा केल्याचा दाखला) देतात, ते घेऊन आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, रद्द करून घ्या. बाबांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतील, आधी आरटीओत जाऊन विचारा. बॅटऱ्या बॅटरीच्या दुकानात परत द्या, २०२२ च्या नियमात शिसं रीतसर रिसायकलरकडंच जायला पाहिजे, फोडून ॲसिड गटारात ओतणाऱ्याला देऊ नका.

रुळाचं गंभीर आहे. १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा आहे, संशय आला तर तो तुकडा कायदेशीर मार्गानं आला हे ज्याच्याकडं सापडला त्यानं दाखवायचं असतं, आणि पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रेल्वे स्वतः भंगार लिलावात विकते, त्यामुळं बाबांनी रीतसर घेतलेलाही असेल, जुन्या वह्यांत, पावत्यांत बघा. कागद मिळेपर्यंत तो ढिगात घालू नका आणि वकिलाला एकदा विचारा.

उद्यमनगर_लेक

बाबांच्या लाल वह्या माळ्यावर आहेत, उद्या काढते. लेथ बघायला गोकुळ शिरगावचा एक मुलगा शनिवारी येतोय. लेथच्या खाली एक मोठी बीडाची गोल तबकडी आहे, चार खाचा असलेली, ती भंगारात घातली तर चालेल का?

जुना_टर्नर

थांबा थांबा, ती फेसप्लेट हाय, लेथवर मोठा जॉब बांधायची तबकडी. पुसून, तेल लावून लेथशेजारी ठेवा आणि शनिवारी त्या पोराला लेथबरोबरच द्या.