तह मोडल्याशिवाय कादंबरी संपूच शकत नाही का?

कक्षा:
गेलं दीड वर्ष मी एक विज्ञान कादंबरी लिहिते आहे. पृथ्वी आणि मंगळावरच्या वसाहती यांच्यातलं युद्ध संपून सहा वर्षं झाली आहेत. तह झालाय, पण तो आज तुटेल की उद्या, याचा नेम नाही. खर्डा वाचलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "मग युद्ध पुन्हा कधी सुरू होतं?"

होत नाही. शेवटच्या पानापर्यंत होत नाही. तह टिकतो आणि तो टिकवताना माणसं झिजतात, एवढीच माझी गोष्ट आहे.

या प्रकारच्या कथांत शांतता म्हणजे दोन लढायांमधला विसावा असतो. पहिल्या प्रकरणात सह्या झाल्या की दहाव्यात स्फोट ठरलेलाच. मला हे पटत नाही. कोरियातलं युद्ध २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधीने थांबलं. शांतता करार आजवर झालेला नाही. मध्ये चार किलोमीटर रुंदीचा पट्टा आणि दोन्हीकडे डोळ्यांत तेल घालून बसलेले सैनिक. तरी ते युद्ध पुन्हा पूर्ण ताकदीने पेटलेलं नाही. हे सत्तर वर्षांचं न पेटणं मला कुठल्याही लढाईपेक्षा थरारक वाटतं.

ग्रहांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटरच्या दरम्यान बदलत राहतं. साधा संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. खुलासा मागितला तर उत्तर येईपर्यंत त्याच्या दुप्पट. आणि सुमारे २६ महिन्यांतून एकदा सूर्य मध्ये येतो, तेव्हा दोनेक आठवडे संपर्काचा भरवसा नसतो. आजही मंगळावरच्या यानांना त्या दिवसांत आज्ञा पाठवणं थांबवतात. माझं सातवं प्रकरण या दोन आठवड्यांचं आहे. चौथ्या दिवशी मंगळाच्या कक्षेत एक मालवाहू यान फुटतं. पहाऱ्यावरच्या तरुण अधिकाऱ्याकडे प्रत्युत्तराचा अधिकार आहे आणि विचारायला कोणी नाही. ती थांबते. तुकड्यांच्या मार्गाची मोजणी पुन्हा पुन्हा करते आणि थांबते. एकही गोळी न सुटणारं ते प्रकरण लिहिताना माझी झोप उडाली होती.

धूमकेतू:
सातवं प्रकरण वाचायला नक्की आवडेल, पण मूळ मुद्दा मान्य नाही. तह मोडणारे सगळे लेखक आळशी नसतात. पुष्कळदा तह मोडायचं बीज त्याच्या कलमांतच असतं. पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ची. १९२१ मध्ये जर्मनीच्या माथी १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई मारली गेली. १ सप्टेंबर १९३९ ला पुन्हा युद्ध. पुरती एकवीस वर्षंही नाहीत. आणि १९१८ ला जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात सही केली, तोच डबा जून १९४० मध्ये त्याच जागी आणून त्यात जर्मनीने हरलेल्या फ्रान्सकडून सही घेतली. बावीस वर्षं कोणीतरी तो डबा मनात धरून बसलं होतं! तुमच्या कादंबरीत असा डबा कुणाच्या मनात आहे?

गुरुत्व:
मी भांडणार ते सातव्या प्रकरणावरच. सूर्य मध्ये आला म्हणून युद्ध लढलेल्या दोन ग्रहांचा संपर्क तुटेल हे पटत नाही. पृथ्वीच्या कक्षेत साठ अंश पुढे किंवा मागे एक दुवा उपग्रह ठेवला की संदेश सूर्याला वळसा घालून जातो. ज्यांना लढाऊ ताफे बांधता आले, त्यांना हे सुचलं नाही? एकतर तो उपग्रह युद्धात नष्ट झालेला दाखवा, नाहीतर तहानेच त्यावर बंदी घातलेली दाखवा.

खरी ठिणगी मला दुसरीकडे दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्ट हे यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने मुद्दाम आदळवलं. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याभोवतीच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. धोंडा पृथ्वीपासून दूर ढकलायची विद्या आणि पृथ्वीवर टाकायची विद्या एकच. १९६७ च्या अंतराळ कराराने अण्वस्त्रं आणि मोठ्या संहाराची शस्त्रं पृथ्वीच्या कक्षेत ठेवायला मनाई केली. पण खाणीसाठी ओढून आणलेला धोंडा शस्त्र कधी ठरतो, हे कोण सांगणार? तुमचा तह इथे रोज तुटू शकतो.

कक्षा:
दुव्याचा मुद्दा बिनतोड आहे. तहानेच बंदी घालणं मला जास्त आवडतंय, कारण त्याच दुव्यावरून नेमही धरता येतो, अशी भीती दोन्ही बाजूंना असणार. म्हणजे एकमेकांच्या भीतीने त्यांनी स्वतःचेच कान कापले. लिहून ठेवलं.

शेवटचं पान:
मी कक्षाच्या बाजूने. १७ जुलै १९७५ ला अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ ही यानं अंतराळात जोडली गेली. जुन्या पद्धतीत एका यानाचा दांडा दुसऱ्याच्या खोबणीत शिरायचा. या भेटीसाठी दोन्ही बाजूंना सारख्याच रचनेचं जोडयंत्र बनवलं, कुणीही पुढाकार घ्यावा, कुणीही धरून राहावं. हवाही वेगळी होती. अपोलोत कमी दाबाचा जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन, सोयूझमध्ये नायट्रोजन मिसळलेली हवा. म्हणून मध्ये एक कोठडी जोडली, सोयूझमधला दाबही कमी केला. अमेरिकन रशियनमध्ये बोलत होते, रशियन इंग्रजीत. प्रत्येकाने समोरच्याची भाषा अडखळत बोलायची! शांततेची कादंबरी लिहायची तर ती दोन प्रकारच्या हवेच्या मधल्या या कोठडीत बसून लिहावी.

धूमकेतू:
सुंदर प्रसंग, पण हे दोन देश एकमेकांशी थेट युद्ध लढून आलेले नव्हते. आणि डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा तो सलोखाही संपला. जोडयंत्र उत्तम होतं, तरीही.

माझा आग्रह एवढाच आहे की कादंबरीत हरलेला माणूस हवा. हिरू ओनोदा हा दुसऱ्या महायुद्धातला जपानी सैनिक फिलिपाइन्सच्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढत राहिला. युद्ध संपल्याची पत्रकं विमानातून टाकली, ती त्याला शत्रूची चाल वाटली. शेवटी त्याचा जुना वरिष्ठ स्वतः गेला आणि त्याने तोंडी आज्ञा दिली, तेव्हा त्याने शस्त्र ठेवलं. मधल्या वर्षांत त्या बेटावरची निरपराध माणसं मारली गेली. त्यांच्यासाठी युद्ध १९४५ मध्ये संपलंच नव्हतं. तह टिकला असं तुम्ही म्हणता, तेव्हा तो कुणासाठी टिकला?

कक्षा:
या प्रश्नाने मला दोन दिवस गप्प केलं. तह मोडायचा नाही, यावर मी अजून ठाम आहे. पण माझी सगळी पात्रं तह राखणारी आहेत आणि त्यातलं हरलेलं कोणीच नाही, हे खरं आहे. फुटलेल्या मालवाहू यानावर माणसं होती आणि मी त्यांना एका ओळीत संपवलं होतं.

काल रात्री नवं प्रकरण सुरू केलं. त्या यानावरच्या एका मुलाची आई त्या अधिकाऱ्यासमोर येऊन बसते. अधिकारी मोजणीचे आकडे दाखवायला लागते. तुकडे कसे पसरले, स्फोट आतूनच कसा झाला, प्रत्युत्तर का दिलं नाही. आई शेवटपर्यंत ऐकून घेते आणि विचारते, "तू थांबलीस ते बरोबर. पण त्या अकरा दिवसांत त्याला शोधायला कोण गेलं होतं?"

अधिकारी काय उत्तर देते ते अजून लिहिता आलेलं नाही.