दोन कॅटोंची गल्लत

‘कार्थेज (रोमचं शत्रू असलेलं उत्तर आफ्रिकेतलं शहर) नष्ट झालेच पाहिजे’ म्हणणाऱ्या रोमन नेत्या कॅटोनेच ज्युलियस सीझरविरोधात आत्महत्या केली, असं कुणी लिहिलं तर ती गल्लत आहे. या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत! नाव एकच, मार्कुस पोर्किउस कॅटो. कार्थेजवाला थोरला: इ.स.पू. २३४ ते १४९, १९५ मध्ये कॉन्सल (रोमचं सर्वोच्च वार्षिक पद), १८४ मध्ये सेन्सॉर (जनगणना व नीतिमत्तेवर देखरेख करणारा अधिकारी); इथली सगळी वर्षं इ.स.पू. आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या युटिका शहरात ४६ मध्ये जीव देणारा धाकटा म्हणजे त्याचा पणतू, जन्म ९५ चा.

ओळखायला पदं बघा. धाकटा ५४ मध्ये प्रेटर (कॉन्सलच्या खालचं, न्यायदानाचं पद) झाला. ५१ साठीच्या कॉन्सलपदाची निवडणूक मात्र हरला. त्यामुळे ‘कॉन्सल कॅटो’ म्हणजे धाकटा नव्हेच. पण लगेच थोरलाही समजू नका, कारण ११८ चा कॉन्सल याच नावाचा, थोरल्याचा नातू. म्हणून नावापुढे वर्ष हवंच.