संत गोन्सालो गार्सिया ‘ब्रदर’ होते, मुलांना त्यांचं आयुष्य कसं सांगायचं?

रविवारची_टीचर

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सानंतर (फादर करतात ती मुख्य उपासना) मी पाचवी-सहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियांचा सण येतोय म्हणून त्यांच्याबद्दल सांगायला घेतलं. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी शेवटापासून सांगतात, जपान, क्रूस, भाले, हुतात्मा झाले, संपलं. मुलं ऐकतात, थोडी घाबरतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. एका मुलीने विचारलं, टीचर ते फादर होते ना? मी म्हटलं नाही गं, ब्रदर होते, म्हणजे व्रतं घेऊन धर्मसंघात राहणारे, पण फादरपदाची दीक्षा न घेतलेले. तर मागच्या बाकावरून लगेच, म्हणजे फादरच्या परीक्षेत नापास झाले का? वर्ग हसला, पण मला ते लागलं. त्या मुलाला काय बोलणार, मोठ्यांनाही तसंच वाटतं. ब्रदर म्हणजे ज्याचं फादर व्हायचं राहून गेलं तो, असं धरूनच चालतात सगळे. मिस्सा नाही, प्रवचन नाही, मग हा माणूस दिवसभर करतो काय?

तर मला क्रूसाच्या आधीची चाळीस वर्षं सांगायची आहेत. वसईचा पोरगा तिथवर पोचला कसा, तिथे काय काम करत होता, आणि ब्रदरचं जगणं म्हणजे नक्की काय असतं. कोणाला माहिती असेल, किंवा स्वतः असा एखादा ब्रदर जवळून पाहिला असेल तर लिहा ना प्लीज. पुस्तकातलं पाठांतर नको, मुलांना पटेल असं पाहिजे.

बसीन_बखर

टीचर, प्रश्न फार आवडला, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

जन्म १५५६-५७ च्या सुमारास, आपल्या वसईतच. वडील पोर्तुगीज, आई इथली. तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला ते १७३९ साल, म्हणजे फार नंतरची गोष्ट. किल्ल्यात जेज्विट (एक कॅथलिक धर्मसंघ) फादरांकडे गोन्सालो लहानाचा मोठा झाला, शिकला, आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याचबरोबर जपानला गेला. म्हणजे आजच्या हिशोबाने दहावी-अकरावीतलं पोरगं, शिडाच्या जहाजातून, घरी परत कधी येणार याचा पत्ता नाही. तिथे त्याने जपानी अशी काही उचलली की लोकांना श्रद्धेच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत समजावून सांगायचं काम त्याच्याकडे आलं. टीचर, हे तर तुमचंच काम झालं, कॅटेकिस्टचं, मुलांना हे आधी सांगा.

त्याच्या मनात जेज्विट व्हायचं होतं. बरीच वर्षं वाट बघितली, पण त्याला संघात घेतलं नाही. मग तो तिथून निघाला आणि व्यापारात पडला, आणि तिथे चांगला जम बसला. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आता हा माणूस श्रीमंत आहे, बंदराबंदरात ओळखी आहेत, भाषा येतात, आयुष्यभर आरामात खाल्लं असतं. पण धंद्याच्या निमित्ताने फिलिपिन्समध्ये मनिलाला जायचा, तिथे फ्रान्सिस्कन मठातल्या लोकांशी ओळख झाली, आणि सगळं सोडून त्यांच्यात ब्रदर म्हणून गेला. फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचे लोक, जाडाभरडा झगा, कमरेला दोर, खिशात दमडी नाही. एकदा नकार पचवलेला माणूस तिशी उलटल्यावर कमावलेलं सगळं बाजूला ठेवून पुन्हा दार वाजवतो, आणि तेही मान मिळणाऱ्या जागेसाठी नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला हे सांगा.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे वकिलात पाठवली. प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता. पण हिदेयोशीशी बोलणार कोण? या मंडळींपैकी जपानी सफाईने बोलता येणारे ब्रदर गोन्सालोच. मग गेले दुभाषी म्हणून. हिदेयोशीने आधीच, १५८७ मध्ये, मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढलेला होता, तरी त्याने यांना क्योटोत राहायला परवानगी दिली. तिथे त्यांनी चर्च बांधलं आणि गरिबांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. दिवसभर काय करत होते याचं उत्तर इथे आहे. रस्त्यावर टाकून दिलेले रोगी उचलून आणायचे, त्यांना आंघोळ घालायची, जखमा धुवायच्या, खायला घालायचं. फ्रान्सिस्कनांच्या क्योटोतल्या त्या तीन-साडेतीन वर्षांचा मोठा भाग यातच गेलाय.

पुढचं थोडक्यात. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत वादळात भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, आणि मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येतं असा संशय हिदेयोशीच्या डोक्यात बसला. पकडापकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला (हुकूम नाक-कान दोन्ही कापायचा होता, अधिकाऱ्याने तो कमी केला), गाडीतून धिंड काढली आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. १६२७ मध्ये ते धन्यवादित झाले (संतपदाच्या आधीची पायरी), ८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी संत जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले संत, आणि ते ब्रदर!

बोर्डिंगवाला

वरचं सगळं भारी आहे. मला इतिहास एवढा येत नाही, पण ब्रदरचं जगणं काय असतं ते मी बोर्डिंगमध्ये रोज बघितलंय म्हणून लिहितो. नाव आणि जागा लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं.

आमच्याकडे एक म्हातारे ब्रदर होते, कोठी त्यांच्याकडे. तांदळाची पोती, रॉकेल, साबण, वह्या, सगळ्याचा हिशोब एका निळ्या वहीत, अक्षर एकदम बारीक, कागद वाया जाऊ नये म्हणून समासातसुद्धा लिहायचे. कोठीच्या दाराशी एक लाकडी खोकं होतं, त्यात दाभण, मेणाचा दोरा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला की रात्री जेवणानंतर तिथे नेऊन ठेवायची, सकाळी शिवलेली मिळायची. मागायला जायची गरज नव्हती, कोणाची आहे हेही ते विचारायचे नाहीत. घरून पैसे येत नसलेल्या मुलांना याचा केवढा आधार होता हे मला मोठा झाल्यावर कळलं, कारण त्यातलाच मी एक. फादर लोकांच्या बदल्या व्हायच्या, नवीन प्रिन्सिपल यायचे, सत्कार-निरोप व्हायचे, ब्रदर मात्र तिथेच. त्यांचा सत्कार झालेला मला आठवत नाही. ते गेले तेव्हा मात्र चर्च भरून लोक बाहेर अंगणात उभे होते, रिक्षावाले, मासळीवाल्या बाया, मुंबईत बँकेत मोठ्या पोस्टवर असलेली माणसं, आणि एकमेकांना विचारत होते तुम्हाला काय दिलं होतं ब्रदरनी. कोणाला फीचे पैसे, कोणाला स्वतःचं स्वेटर, एकाला नुसतं रोज संध्याकाळी शेजारी बसवून पाढे.

टीचर, एक करून बघा, मुलांना सांगा घरी आजी-आजोबांना विचारून या की तुम्हाला कुठले ब्रदर आठवतात. वसईत एकही घर रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही.

निर्मळ_नाका

+१ बोर्डिंगवाला. वाचताना गलबलून आलं.

मॉन्ट्रियलची_मावशी

मी वसईची, लग्नानंतर कॅनडात आले. इथे मॉन्ट्रियलला जे सेंट जोसेफ्स ओरेटरी आहे, डोंगरावरचं प्रचंड मोठं चर्च, ते एका ब्रदरमुळे उभं राहिलं, म्हणून लिहिते, टीचरना कदाचित जोडी म्हणून सांगता येईल.

ब्रदर आंद्रे. जन्म १८४५, क्युबेकमधल्या खेड्यातला. वडील झाडाखाली सापडून गेले, पाठोपाठ आई क्षयाने, बारा वर्षांचं पोर पोरकं झालं. शाळा नाही म्हणण्यासारखी, तब्येत कायमची नाजूक, पोटाचं दुखणं, अमेरिकेत जाऊन कापड गिरण्यांतसुद्धा राबून आला. १८७० मध्ये होली क्रॉस संघाकडे गेला तेव्हा तब्येत बघून ते ठेवायलाच तयार नव्हते, बिशपांनी शब्द टाकला म्हणून राहिला. आणि काम काय दिलं तर शाळेच्या दाराशी दरवान. दार उघडायचं, निरोप पोचवायचे, फरशी पुसायची, दिवे साफ करायचे, मुलांचे केस कापायचे. ब्रदर स्वतःच म्हणायचे की मी संघात आलो तेव्हा मला दार दाखवलं, आणि मी चाळीस वर्षं तिथेच राहिलो.

दाराशी आलेल्या आजारी माणसांशी बोलायचे, त्यांच्यासाठी संत जोसेफकडे प्रार्थना करायचे, जोसेफच्या पुतळ्यापुढच्या दिव्यातलं तेल लावायला द्यायचे. लोक बरे होतायत असं पसरलं आणि रांगा लागल्या. एवढी गर्दी की शाळेतल्या पालकांनी कुरकुर केली, मग समोरच्या ट्रामच्या थांब्यावर बसून लोकांना भेटायचे. बरं केलंत म्हटलं की चिडायचे, हे माझं नाही, संत जोसेफचं आहे म्हणायचे. केस कापायचे पाच पाच सेंट जमवले, त्याला लोकांच्या देणग्यांची जोड मिळाली आणि १९०४ मध्ये डोंगरावर छोटं लाकडी चॅपल उभं राहिलं. मोठ्या चर्चचं काम पुढे मंदीत पैशाअभावी अडलं, भिंती आहेत पण छप्पर नाही, तेव्हा ब्रदर म्हणाले जोसेफचा पुतळा आत नेऊन ठेवा, त्यांना छप्पर हवं असेल तर ते बघतील. ६ जानेवारी १९३७ ला वयाच्या एक्क्याण्णवव्या वर्षी गेले, आणि इथल्या जानेवारीच्या थंडीत दहा लाखांच्या आसपास माणसं त्यांचं दर्शन घ्यायला रांगेत उभी राहिली. २०१० मध्ये संत जाहीर झाले. लिहिता-वाचता जेमतेम येणारा दरवान! आमच्या चर्चमधल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की सगळ्यात जास्त प्रश्न त्या ट्रामच्या थांब्याबद्दलच येतात.

पापडी_लोकल

सगळ्यांचं पटतंय, पण एक सांगू का, गोन्सालोंना नुसते गरीब-साधे-गप्प ब्रदर करून टाकू नका. ब्रदर आंद्रेंची गोष्ट वेगळी. गोन्सालो हिदेयोशीसमोर उभे राहून बोलत होते, ज्याच्या एका शब्दावर डोकी उडायची असा माणूस तो, आणि फिलिपिन्सने माझ्यापुढे मान तुकवावी अशी त्याची मागणी. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळ्यांचा जीव जाणार. तिथे थंड डोक्याने बोलायला हिंमत लागते आणि अक्कलही. नम्र होते म्हणजे दबून राहणारे होते असं मुलांच्या मनात बसायला नको. वकिलातीचं काम झालं की हाच माणूस परत दवाखान्यात जाऊन रोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांत, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच ते खरे गोन्सालो.

बसीन_बखर

@पापडी_लोकल शंभर टक्के. आणि एक राहिलं, सव्वीसमधले पॉल मिकी, ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, तेही जेज्विट ब्रदरच, फादरपदाची दीक्षा व्हायची होती. त्यांच्याबरोबरचे दिएगो किसाई हे वयस्कर जपानी गृहस्थ ओसाकाच्या जेज्विट घरात पाहुण्यांची सोय बघायचे. सव्वीसमधले बहुतेक साधे जपानी लोक होते, स्वयंपाकी, सुतार, आणि पोरं. लुईस इबाराकी फक्त बारा वर्षांचा, तुमच्या सहावीच्या वर्गाएवढा.

रविवारची_टीचर

बापरे, मी एवढ्या उत्तरांची अपेक्षाच केली नव्हती, सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्डिंगवाला, तुमच्या ब्रदरांच्या चपलांची गोष्ट मी वर्गात सांगू का? नाव-गाव काही नाही, नुसतं खोकं आणि दाभण. आणि आजी-आजोबांना विचारायचा अभ्यास या रविवारीच देते. अजून एक, कोणी नागासाकीला गेलंय का? मुलं विचारणार आता तिथे काय आहे.

बोर्डिंगवाला

जरूर सांगा.

शिपवाला_रॉकी

मी जहाजावर असतो, आमचं जहाज नागासाकीला लागलं होतं तेव्हा मुद्दाम गेलो. स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, थोडी चढण, की निशिझाका पार्क. सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका लांब भिंतीवर ओळीने बसवलेत, १९६२ मध्ये, म्हणजे संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा. पुतळ्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबतायत, सगळे वर चाललेत असे वाटतात. मध्ये मध्ये मुलांचे पुतळे एकदम बुटके, तिथे नजर अडकते. मागे म्युझियम आहे. शहरात ओउरा नावाचं जुनं चर्च आहे, १८६४ चं, तेही या सव्वीस जणांच्या नावाने. मी तिथल्या एका बाईंना मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की यातला एक आमच्या गावचा, वसईचा, तर त्यांनी बरोबरच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं की हे गोन्सालोच्या गावचे. एवढा मान मला कुठल्याच बंदरात मिळाला नाही. टीचर, फोटो आहेत माझ्याकडे, मेसेज करा, पाठवतो. आणि वर्गात जगाचा नकाशा लावून वसई, नागासाकी, मनिला, क्योटो अशी दोरी बांधायला लावा मुलांना. गोव्याहून जहाज मलाक्का-मकाव करत जायचं, तेही टाका त्यात.