ड्रिफ्ट व्हेलॉसिटीला मराठीत काय म्हणायचं?

मास्तरीणबाई: अकरावी सायन्सला आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी टिपणं काढतेय. तारेत इलेक्ट्रॉन हळूहळू पुढे सरकतात त्या 'ड्रिफ्ट'ला शब्द सापडेना. हिंदीत 'अपवाह वेग' आहे. वर्गात म्हणून पाहिला, तर मागच्या बाकावरून आलं, "अफवा वेग?"

बाळीवेस: प्रवाहवेग म्हणा की.

जुना_वायरमन: नको बाई. प्रवाह म्हटलं की पोरांना उजनीचा कालवा दिसतो. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर जात असेल, तर इलेक्ट्रॉन तासाभरात सरकतो फार तर 26 सेंटिमीटर. बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारभर आधीच असलेल्या सगळ्यांना जवळजवळ एकदम रेटा बसतो.

बाळीवेस: म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेतली गर्दी! धक्के चारी बाजूंनी, आणि अर्ध्या तासानं बघावं तर पाळणा चार पावलं जवळ.

मास्तरीणबाई: हेच! पण 'वाहवत जाणे' म्हणावं तर पोरगं वाया गेल्यासारखं वाटतं.

शुद्धमराठी: 'ओघवेग' घ्या. 'विद्युतधारा' चालते, मग याचं काय वावडं?

मागवाला: धारा म्हणजे शेतसारा हो! आजोबांच्या पेटीत पावत्या आहेत. त्यापेक्षा 'ओघळवेग'. आणि घरातल्या विजेत तर इलेक्ट्रॉन मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यासारखा, सेकंदाला 50 फेऱ्या. तेही एका दिव्यापुरती वीज असली तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंसुद्धा हलणं नाही. वेग कसला डोंबलाचा?

शुद्धमराठी: ओघळ वरून खाली येतो. तारेत वर-खाली कुठलं?

जुना_वायरमन: व्होल्टेजचा उतार असतो की. फक्त इलेक्ट्रॉन चढावर जातो. करंटची दिशा ठरली तेव्हा तो कुणाला ठाऊकच नव्हता, सापडला 1897 साली. आता तुमचा ओघळ चढवा वर.

साखरपेठ: आमच्या गल्लीत भानगडच नाही. तेलुगू मावशी 'करंट पोयिंदी' म्हणतात, कन्नड वहिनी 'करंट होय्तु'. मराठी माणूस तेवढा 'लाईट गेली' म्हणतो.

शुद्धमराठी: 'गेली' का? वीज स्त्रीलिंगी म्हणून. इंग्रजी शब्दाला लिंग आपल्या विजेचं!

मागवाला: मग गाडीचा लाईट 'गेला' कसा?

मास्तरीणबाई: तूर्त 'सरकवेग' लिहितेय. कुणाची हरकत?

बाळीवेस: आमच्याकडं तर 'लाईटी गेल्या' म्हणतात. एकच गेली तरी.