मदत हवी आहे : सहा फुटी हौद्याच्या पिकअपमधून जुनी बुलेट कुंभार्ली घाटाने कराडला न्यायची आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांची जुनी, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची ३५० सीसी बुलेट गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरून कराडला एका मेकॅनिककडे पोहोचवायची आहे. तिची किक जाम झालेली असल्यामुळे ती चालवत नेण्याचा प्रश्नच येत नाही. शेजारच्या काकांची लहान पिकअप पुढच्या आठवड्यात सामान आणण्यासाठी रिकामीच कराडला जाणार असून, निम्म्या डिझेलच्या बदल्यात बुलेट नेण्याची त्यांनी तयारी दाखवली आहे. अडचण अशी की या पिकअपचा हौदा आतून मोजला असता लांबीला ७२ इंच आणि रुंदीला ५६ इंच भरतो, आणि बुलेट मडगार्डासकट सात फुटांच्या आसपास आहे, म्हणजे मागचा फाळका लावता येईल असे सकृद्दर्शनी तरी वाटत नाही.

हा प्रश्न इतक्या काळजीने विचारण्याचे कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा माझा स्वतःचा मूर्खपणा. त्या वेळी चिपळूणला नेताना मी हीच गाडी साइड स्टँडवर उभी केली, हँडलला सुंभाचे चार वेढे मारले आणि ती हलत नाही असे पाहून समाधान मानले. वाटेतल्या दुसऱ्याच वळणावर ती आडवी झाली, टाकीला बोटभर खोल पोचा पडला आणि सगळे पेट्रोल हौद्यात सांडले. वडील त्यावर काहीही बोलले नाहीत, आणि तेच अधिक लागले.

या वेळी रस्ता बराच लांबचा आहे. गुहागर ते चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, त्यानंतर कुंभार्ली घाटाची वळणे, आणि पुढे कोयनानगर, पाटण करीत कराड. फाळका उघडा ठेवून मागचे चाक त्यावर टेकवावे, की गाडी हौद्यात तिरकी उभी करावी? पट्टे नेमके कोठे अडकवावेत? शिवाय जाम झालेल्या इंजिनाची पावणेदोनशे किलोंच्या घरातली ही गाडी मुळात वर चढवावी कशी? ज्यांनी प्रत्यक्ष अशी वाहतूक केली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण गाडीची एकूण लांबी धरून घाबरला आहात, पण एकूण लांबी येथे फारशी महत्त्वाची नाही. पुढच्या चाकाच्या टोकापासून मागचे चाक जमिनीला जेथे टेकते त्या बिंदूपर्यंतचे अंतर किती, हे पाहावे लागते, कारण वजन तेथून खाली उतरते. कृपया दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर आणि चाकाचा टायरसकट व्यास मोजून येथे लिहावा.

धागाकर्ता

आसांमधले अंतर ५४ इंच आहे आणि दोन्ही चाके एकाच मापाची असून त्यांचा व्यास साडेपंचवीस इंच भरला.

प्रतिसाद १

मग हिशेब सोपा आहे. चाकाची त्रिज्या पावणेतेरा इंच आणि त्यात ५४ मिळवले की पावणेसदुसष्ट इंच होतात, म्हणजे गाडी सरळ उभी केली आणि पुढचे चाक केबिनमागच्या पत्र्याला भिडवले तर मागचे चाक हौद्याच्या कडेच्या सव्वापाच इंच आत टेकते. फाळक्यावर वजन पडतच नाही, फक्त टायरची फुगीर बाजू आणि मडगार्ड बाहेर लटकतात. ही चांगली गोष्ट आहे, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या आतून किती खाल्ल्या गेल्या आहेत हे वरून रंग पाहून कळत नाही, आणि उभ्या गाडीचे जे वजन त्या सहज पेलतील तेच वजन खड्ड्यात आदळताना कित्येक पटींनी वाढते.

तरीही मी फाळका उघडा ठेवून जाणार नाही. माल वाहनाच्या मागे ठरलेल्या मर्यादेबाहेर काढून नेल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपयांचा दंड सांगितलेला आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. त्यापेक्षा गाडी तिरकी उभी करावी. टायरच्या टोकापासून टोकापर्यंत आपली गाडी साडेएकोणऐंशी इंच आहे. पुढचे चाक डावीकडे आणि मागचे उजवीकडे असे मिळून ३४ इंचांचे अंतर आडवे घेतले की ती बहात्तर इंचांत जेमतेम बसते. रुंदी ५६ इंच असल्यामुळे दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागाही राहते. मागचे मडगार्ड फाळक्याच्या वरून चार बोटे डोकावेल, तेवढे चालून जावे. पुढचे शॉकअप दाबून बांधले की आसांमधले अंतर किंचित कमी होते, त्याचाही थोडा फायदा मिळेल.

प्रतिसाद २

वरील हिशेब बरोबर आहे, पण तिरक्या गाडीचा एक दोष त्यात आलेला नाही. पुढचे चाक डावीकडे ठेवल्यावर पिकअपला ब्रेक लागला की बुलेट नुसती पुढे जात नाही, तर स्वतःच्या उजव्या कुशीकडे झुकू पाहते आणि सगळा ताण डाव्या पट्ट्यावर येतो. पुढचे चाकही पत्र्याला काटकोनात न भिडता तिरके भिडते, त्यामुळे ते पत्र्यावरून घसरत कोपऱ्याकडे जाते. म्हणून हौद्यात आधी पाऊण इंची प्लायचा एक तुकडा अंथरून त्यावर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सागाच्या रिपा स्क्रूने ठोकाव्यात, म्हणजे चाक खाचेत बसेल आणि काकांच्या पिकअपच्या पत्र्याला भोकेही पडणार नाहीत. प्लाय मात्र हौद्यात बरोबर अडकेल अशा मापाचा हवा, नाहीतर गाडी प्लायसकट सरकेल.

सुंभ आणि नायलॉनची दोरी या दोन्ही गोष्टी घरीच ठेवाव्यात. सुंभाची गाठ प्रवासात बसते आणि नायलॉन ताणाखाली लांबत जाते, त्यामुळे निघताना घट्ट असलेली दोरी वीस किलोमीटरांवर सैल झालेली असते. रॅचेटचे, म्हणजे दात्यांच्या खटक्याने आवळले जाणारे, चार पट्टे घ्यावेत आणि डाव्या बाजूसाठी पाचवा. पुढचे दोन पट्टे हँडलला न लावता, हँडलच्या खाली दोन्ही शॉकअपना जोडणारा जो लोखंडी भाग असतो त्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून लावावेत, आणि ते पुढे, खाली व बाहेर असे तिन्ही दिशांना ओढले जातील असे पाहावे. शॉकअप निम्मे दबले की थांबावे. पूर्ण दाबून बांधले तर खड्ड्याचा धक्का जिरवायला जागा उरत नाही आणि ऑइलसीलही फुटू शकतात. मागचे दोन पट्टे फ्रेमला लावावेत आणि ते बेताचेच ताणावेत. त्यांचे काम फक्त मागचे चाक उडू न देण्याचे आहे.

कोणताही स्टँड लावू नये. साइड स्टँडवर उभी केलेली गाडी शॉकअप दबला की एका बाजूला कलते आणि त्याच बाजूचा पट्टा सैल पडतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या गाडीचे बहुधा हेच झाले असावे. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी राहून केवळ पट्ट्यांवर तोलली गेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) फार ताठ असतात आणि बुलेटच्या एवढ्याशा वजनाने ते वाकत नाहीत, त्यामुळे हौदा सतत उडत राहतो. पाच-सहा वाळूची पोती दोन्ही चाकांच्या आजूबाजूला रचली तर पिकअप शांत चालते आणि चाकांनाही टेकण मिळते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चढवण्याबद्दल कोणी सांगू शकेल का? मेकॅनिकने फोनवर सांगितले आहे की पिस्टन अडकलेला दिसतो, म्हणून गिअर टाकून गाडी जरासुद्धा ढकलू नये.

प्रतिसाद ३

आम्ही दापोलीकडे फळी शक्यतो वापरतच नाही. वाडीत जेथे जांभ्याचा चौथरा किंवा शेताची उंच मेर असेल तेथे पिकअप उलटी लावावी आणि हौदा त्या उंचीला आला की गाडी सपाटीवरून आत ढकलावी. चार बोटांचा फरक राहिला तर एखादा चिरा आणि जाड फळीचा तुकडा पुरतो. उंच जागा मिळालीच नाही तर किमान आठ फूट लांब आणि दोन इंच जाड फळी घ्यावी, तिचे वरचे टोक हौद्याला बांधून टाकावे आणि तीन माणसे लावावीत : एक हँडलजवळ आणि दोन मागे. बांधलेली नसली तर मागचे चाक चढताना फळी मागे सरकते आणि गाडी पोटावर बसते. गाडी न्यूट्रलमध्येच चढवावी आणि आत जागेवर आल्यावर मगच पहिला गिअर टाकावा. तुमचे इंजिन अडकलेलेच असल्यामुळे मागचे चाक पक्के धरले जाईल. पेट्रोल आधी काढून घ्यावे, कॉक बंद करावा आणि बॅटरी सोडून केबिनमध्ये ठेवावी.

धागाकर्ता

काल बुलेट कराडला पोहोचली. आमच्या विहिरीजवळच्या मेरेची उंची हौद्यापेक्षा दीड इंच कमी निघाली, तेवढी भर चिऱ्याने घातली आणि दोघांनीच गाडी आत ढकलली. पट्टे चिपळूणच्या अलीकडे एकदा आणि घाट चढण्यापूर्वी एकदा तपासले. पहिल्या वेळी डावा पट्टा तीन खटके आवळावा लागला, दुसऱ्या वेळी एकही नाही. घाटात काका नेहमीपेक्षा बरेच हळू चालले, आणि वाळूच्या पोत्यांची त्यांनी आधी केलेली थट्टा पाटणला चहा घेताना स्वतःच मागे घेतली.

इंजिनाचे काम होईपर्यंत जून उजाडणार आहे आणि परतीच्या वेळी घाटात पाऊस असेल. ओल्या प्लायवर टायर सरकू नये म्हणून खाली किलतान अंथरावे की रबरी चटई, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.